थंडरबर्ड हे मेलचं अ‍ॅप वापरून तीन महिने झाले: मेल नक्की कुठे अडकतो ते कळतं तरी

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटरवाली नाही. लॅपटॉप, फोन आणि टॅब अशी तीन डबडी आहेत, अकाउंटं दोन, एक जीमेलचं आणि एक कामाचं, स्वतःच्या डोमेनवरचं. हे कामाचं अकाउंट म्हणजे डोक्याला ताप झालं होतं. सकाळी फोनवर मेल वाचला, दुपारी लॅपटॉपवर उत्तर लिहायला बसले की मेल गायब. टॅबवरून पाठवलेला मेल तर दोन दिवस आउटबॉक्समध्ये बसून, आणि समोरचा माणूस मला विचारतोय की पाठवताय ना. फोनमधलं आधीपासून असलेलं अ‍ॅप नुसतं म्हणणार "मेल पाठवता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा". अरे पण का नाही आला ते सांग ना बाबा! होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे कामाचा मेल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या, सपोर्टला विचारलं (नाव घेत नाही), तर कॅश, म्हणजे अ‍ॅपने साठवलेला तात्पुरता डेटा, क्लिअर करा. केली. परत विचारलं, परत कॅश क्लिअर करा.

मग वैतागून थंडरबर्ड टाकलं. मोझिलाचं आहे, फुकट आहे, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली होती म्हणजे चांगलं मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. दिसायला फार काही देखणं नाही, पण मला देखणं नकोच होतं, मला फक्त मेल का जात नाही ते सांगणारं कोणीतरी हवं होतं.

आणि ते हे सांगतं. लॅपटॉपवरून पाठवायला गेले तर सरळ लिहून आलं की आउटगोइंग सर्व्हरला (आपला मेल पुढे पाठवणारा तिकडचा कॉम्प्युटर) कनेक्शन होत नाहीये, टाइम आउट झालं. सेटिंग उघडलं तर पोर्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दाराने जायचं त्या नंबरच्या, रकान्यात २५! कोणे एके काळी कुठल्यातरी मदतीच्या पानावरून बघून मीच भरलेलं असणार, आणि नवीन अ‍ॅपमध्येही तेच जुनं बघून टाकलं. २५ नंबरचं पोर्ट हे सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचं, स्पॅमवाले त्याचा गैरवापर करतात म्हणून बरेच इंटरनेटवाले घरगुती कनेक्शनवर ते बंदच ठेवतात. आपल्यासारख्यांनी ५८७ घ्यायचं आणि सिक्युरिटीत (मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून लावायचं कुलूप) स्टार्टटीएलएस, नाहीतर ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. जोडी चुकली, म्हणजे ४६५ला स्टार्टटीएलएस लावलं वगैरे, की परत तेच. ५८७ केलं, युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी टाकला, पाठव दाबलं, गेला. दोन मिनिटांचं काम आणि मी कॅश क्लिअर करत बसले होते.

एक लक्षात ठेवा, मेल येणं आणि मेल जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. येतो आयमॅपवरून (पोर्ट ९९३) आणि जातो एसएमटीपीवरून. म्हणून "मेल येतायत पण जात नाहीत" असं झालं की लोक पासवर्ड बदलत बसतात आणि चूक असते फक्त आउटगोइंगमध्ये. थंडरबर्डमध्ये हे आउटगोइंगचं सेटिंग अकाउंटच्या आत न ठेवता डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ठेवलंय, का ते त्यांनाच माहीत. नवीन माणसाला ते सापडणारच नाही. याचा एक मार्क कापला.

आता गायब होणाऱ्या मेलची गंमत. आयमॅप म्हणजे काय तर मेल सर्व्हरवरच राहतो, आपली सगळी डबडी फक्त तिकडचा आरसा दाखवतात. सर्व्हरवरून गेला की सगळीकडून गेला. एका संध्याकाळी थंडरबर्ड उघडं होतं, इनबॉक्समध्ये अकरा मेल, आणि माझ्या डोळ्यांदेखत अकराच्या अकरा गेले. वेबमेल (ब्राउझरमधून मेल बघायचं पान) उघडलं, तिथेही नाहीत. डिलीटच्या फोल्डरमध्ये पण नाहीत. आधी वाटलं हॅक झालं, घाबरून पासवर्ड बदलणार होते तेवढ्यात आठवलं की हे अकाउंट फार पूर्वी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलेलं होतं. फोन लावला.

"बाबा, तो जुना कॉम्प्युटर चालू केलात का हो?"

"हो, मागच्या महिन्यात धूळ पुसून चालू केला, पत्ते खेळायला. का गं?"

"त्यात मेलची काही खिडकी उघडते का?"

"उघडते ना आपली आपण. मी ती खाली करून ठेवतो."

झालं! तो जुना प्रोग्राम पॉपवर होता. पॉप ही घरात एकच कॉम्प्युटर असायचा त्या काळची पद्धत, मेल सर्व्हरवरून उचलायचा, आपल्याकडे ठेवायचा आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचा. बाबा पत्ते खेळायला बसले की इकडे माझे मेल साफ. सगळे मेल तिकडे व्यवस्थित होते म्हणा, त्याच प्रोग्राममध्ये आयमॅपचं अकाउंट जोडलं आणि मेल ओढून त्या इनबॉक्समध्ये टाकले, ते परत सर्व्हरवर चढले. मग पॉपचं अकाउंट काढून टाकलं. तुमचे मेल कधी फोनवर दिसतात कधी नाही असं असेल तर आधी आठवा कुठे जुनं डबडं चालू आहे का ते. थंडरबर्डमध्ये कोणी पॉप निवडलंच तरी "मेसेज सर्व्हरवर ठेवा" ही खूण आधीपासून केलेली असते, पण तीही चौदा दिवसांपुरतीच, तेव्हा एकापेक्षा जास्त डिव्हाइस असतील तर पॉपच्या वाटेला जाऊच नका.

फोनवाल्यांसाठी, अ‍ॅन्ड्रॉइडचं थंडरबर्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, मुळात ते के-नाइन मेल नावाचं जुनं अ‍ॅप, त्यालाच नवीन कपडे घातलेत. मला आवडलं ते क्यूआरचं. लॅपटॉपवर टूल्समध्ये जाऊन मोबाइलसाठी एक्सपोर्ट करायचं, पडद्यावर कोड येतो, फोनने स्कॅन करायचा, सगळी सर्व्हरची नावं पोर्टं आपोआप. लॅपटॉपवर चालतंय तेच फोनवर जातं त्यामुळे टायपिंगच्या चुका नाहीत. पासवर्ड सोबत द्यायचा की नाही ते विचारतं. फक्त फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अ‍ॅपवरची बंधनं काढा, नाहीतर फोन त्याला मागे झोपवतो आणि अ‍ॅप उघडल्यावरच धडाधड मेल येतात, मग आपण बसतो सर्व्हरला शिव्या घालत.

जीमेलला मात्र काहीच करावं लागलं नाही, गूगलची लॉगिनची खिडकी उघडते, परवानगी दिली की संपलं. तुमच्या टॅबवर एखादं जुनं अ‍ॅप असेल जे ही खिडकी उघडत नाही, नुसता पासवर्ड मागतं, तर खरा पासवर्ड घालूनही ५३५ एरर, म्हणजे लॉगिन नाकारल्याची, येणार, कारण ते गूगलने २०२२ मध्येच बंद केलं. तिथे सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड लागतो, तो टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवायची सोय) चालू असेल तरच मिळतो, आणि जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. टॅबवरून अचानक बंद पडलं म्हणतात ते बहुतेक हेच.

आउटबॉक्समध्ये दोन दिवस बसलेला माझा मेल, तो वेगळ्याच कारणाने. बावीस एमबीची फाइल होती, मर्यादा पंचवीसची, मला वाटलं बसेल. पण जोडलेली फाइल मेलमध्ये घालताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे बावीसची एकोणतीस झाली. लिंक पाठवली, विषय संपला.

अजून एक बारीक गोष्ट, फोनवरून पाठवलेले मेल लॅपटॉपवर दिसत नव्हते कारण सर्व्हरवर सेंट आणि सेंट आयटम्स असे दोन फोल्डर झाले होते, एक अ‍ॅप यात टाकतं दुसरं त्यात. थंडरबर्डमध्ये कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन एकच निवडला.

पाचपैकी चार. मेल हरवला वाटलं तर आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून बघा, तिथे दिसतोय म्हणजे सर्व्हर ठीक आहे, गडबड तुमच्या डबड्यात आहे. थंडरबर्डमध्ये एखादाच फोल्डर अर्धवट दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. आणि खाली डाव्या कोपऱ्यात ऑफलाइनचं बारीक चिन्ह असतं, चुकून त्यावर क्लिक होतं आणि मग काहीच येत नाही जात नाही, ते पण बघून घ्या.

बाबांच्या कॉम्प्युटरवरून तो मेलचा प्रोग्रामच काढून टाकला. परवा त्यांचा फोन, "अगं ती खिडकी आता उघडत नाही, बिघडलं का काही?"