केळीभावाचे एक्सएमएल: रूपांतर सर्व्हरवर करावे की ब्राउझरवर सोडावे?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बोर्ड भाव जाहीर झाला की तोच आकडा किमान चार रूपांत पोहोचवावा लागतो: व्यापाऱ्याच्या संगणकावर नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या वर्गांचे सविस्तर कोष्टक, बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर आटोपशीर पान, साध्या फोनवर एसएमएस आणि फलकावर लावायचा छापील कागद. माहिती एक्सएमएलमध्ये (टॅग लावून माहिती साठवण्याच्या मजकूर-स्वरूपात) ठेवायची हे ठरले असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की तिचे रूपांतर सर्व्हरवर करावे, ब्राउझरवर सोपवावे, की एकच एचटीएमएल पान पाठवून मांडणी सीएसएसवर, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांवर, सोडावी. जळगाव जिल्ह्यात अशी कामे केल्यानंतर माझे मत सर्व्हरच्या बाजूने झुकले आहे, परंतु सरसकट नाही.

सीएसएसचा पर्याय आधी घेतो, कारण पुष्कळांना तोच पुरेल. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरींना २०१२ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस म्हणून मान्यता मिळाली आणि आज सगळे प्रचलित ब्राउझर त्या जाणतात. संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या पानांत मजकूर तोच असून फरक केवळ रुंदीचा असेल, तर दोन स्टाइलशीट (रूपांतराच्या नियमांच्या फाइली) लिहून त्या सांभाळत बसण्यात अर्थ नाही. मात्र सीएसएसने लपवलेले कोष्टक दिसत नसले तरी ते फोनवर उतरलेले असतेच. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे रेंज जेमतेम मिळते, तिथे शेतकऱ्याला तीन आकडे हवे असताना महिनाभराचे कोष्टक त्याच्याकडे पाठवणे मला योग्य वाटत नाही.

ब्राउझरमध्येच एक्सएसएलटी (एक्सएमएलचे दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) चालवण्याचा मार्ग नव्या कामासाठी धरू नये. ब्राउझर १.० या आवृत्तीच्या पुढे कधी गेलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. जेसन (जावास्क्रिप्टला सोयीचे माहितीचे स्वरूप) पाठवून जावास्क्रिप्टने पान उभारण्याचा मार्ग आलेख, गाळण्या आणि सतत हलणारे आकडे यांसाठी चांगला आहे. पण एसएमएस आणि छापील कागद यांना ब्राउझरच नसल्यामुळे त्यांच्यासाठी सर्व्हरवर वेगळे लिखाण करावेच लागते, आणि मग एकच नियम दोन ठिकाणी जपावा लागतो.

सर्व्हरवरच्या रूपांतराचे बळ नेमके इथे आहे. एक्सएसएलटी १.० ची शिफारस नोव्हेंबर १९९९ मध्ये आली, तेव्हा वॅप (मोबाइलवरच्या इंटरनेटची जुनी पद्धत) वापरणाऱ्या फोनना एचटीएमएल कळत नसे. त्यांना डब्ल्यूएमएल ही कार्डांच्या स्वरूपातली वेगळी मार्कअप भाषा लागे. त्यामुळे एका एक्सएमएलमधून दोन भाषा काढणे ही तेव्हा गरजच होती. ते फोन गेले, तरी रचना आजही कामाची आहे: भाव, दिनांक आणि प्रत यांचे सामाईक नियम एका स्टाइलशीटमध्ये ठेवायचे, प्रत्येक रूपाच्या स्टाइलशीटने ती आयात करायची आणि जिथे वेगळेपण हवे तेवढाच नियम नव्याने लिहायचा. आउटपुट एक्सएमएल, एचटीएमएल किंवा साधा मजकूर असे मागता येत असल्यामुळे एसएमएसही याच यंत्रणेतून निघतो. तिथे मर्यादा कडक आहे, कारण देवनागरी एसएमएस ७० चिन्हांचा असतो आणि मात्रा, वेलांट्या, काने स्वतंत्र मोजले जातात. आपल्याला ‘रावेर’ तीन अक्षरांचे वाटते, पण एसएमएसच्या हिशोबात ते पाच चिन्हांचे आहे. म्हणून एसएमएसच्या स्टाइलशीटमध्ये केवळ लघुरूपे ठेवावीत. संगणकाच्या पानाचा मजकूर मध्येच तोडून पाठवू नये.

नेहमीच्या मजकूर जोडणाऱ्या साच्यांपेक्षा आणखी एक फायदा मला मोलाचा वाटतो. पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह असले, तर हाताने जोडलेल्या मार्कअपमध्ये ते तसेच जाऊन पान बिघडू शकते; एक्सएसएलटी आधी वृक्षरचना तयार करून मगच लिहीत असल्यामुळे हे चिन्ह आपोआप सुरक्षित होते आणि टॅग उघडा राहत नाही. आधुनिक साचेही हे बहुतांशी सांभाळतात, हे मान्य केले पाहिजे.

‘सर्व्हरवर ताण येईल’ हा आक्षेप मी वारंवार ऐकतो. प्रत्येक विनंतीला स्टाइलशीट नव्याने वाचली तर ताण येणारच. जावामध्ये एकदा तयार केलेला टेम्प्लेट्स ऑब्जेक्ट (वाचून तयार ठेवलेली स्टाइलशीट) अनेक थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, मिळून वापरता येतो, त्यातून मिळणारा ट्रान्सफॉर्मर मात्र एका वेळी एकाच थ्रेडने वापरावा. पण जाहीर भाव क्षणाक्षणाला बदलत नसेल, तर मागणी येण्याची वाट कशासाठी पाहायची? भाव नोंदला की चारही रूपे एकदाच तयार करून फाइल म्हणून ठेवावीत. सामान्यतः एक्सएसएलटी प्रोसेसर (रूपांतर करणारा प्रोग्रॅम) संपूर्ण एक्सएमएल स्मृतीत घेतो, त्यामुळे वर्षभराची एकच फाइल न करता दिवसागणिक फाइल ठेवावी. आउटपुटचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे याचीही खात्री करावी. चुकून अॅस्की राहिले तर ‘क’ या एका अक्षराला, ते आकडी संकेतात लिहावे लागल्यामुळे, तीनऐवजी सात बाइट लागतात.

खरा धोका कोणते रूप कोणाला द्यायचे हे ठरवण्यात आहे. माझ्या एका कामात यूजर-एजंट (ब्राउझरने पाठवलेली स्वतःची ओळख) पाहून एकाच पत्त्यावर दोन पाने दिली जात होती, आणि उत्तरासोबत व्हॅरी हेडर (उत्तर कशावरून बदलते हे कॅशला सांगणारी ओळ) पाठवायचे माझ्याकडून राहून गेले. मधल्या कॅशने (पाने तात्पुरती साठवणाऱ्या यंत्रणेने) मोबाइलचे पान साठवले आणि दिवसभर व्यापाऱ्यांच्या संगणकांवर तेच तीन ओळींचे पान गेले. तेव्हापासून मी फोनच्या मॉडेलवरून अंदाज बांधत नाही; सविस्तर आणि संक्षिप्त पानांना वेगवेगळे पत्ते देतो आणि एकमेकांचे दुवे दोन्हींवर ठेवतो.

सर्व्हर निवडलाच, तर आवृत्तीचा निर्णय होस्टिंग पाहून घ्यावा. पीएचपीचा एक्सएसएल विस्तार लिबएक्सएसएलटी या प्रोसेसरवर चालतो आणि तो १.० पुरताच आहे. जावावर चालणाऱ्या सॅक्सन या प्रोसेसरच्या मोफत आवृत्तीत ३.० मिळते. हा फरक आपल्या आकड्यांत लगेच दिसतो. १.० मध्ये अंकांचे गट सरसकट तीन-तीनचे पडतात, त्यामुळे १२,३४,५६७ रुपयांची उलाढाल १,२३४,५६७ अशी छापली जाते आणि हिशोबनीस ती वाचताना अडखळतो. २.० पासून स्वल्पविरामांच्या जागा आपल्याला ठरवता येतात. होस्टिंगवर जावा मिळत नसेल, तर लाखांचे स्वल्पविराम एक्सएमएल तयार होतानाच वेगळ्या घटकात घालून ठेवावेत आणि मूळ आकडा बेरजेसाठी तसाच राहू द्यावा.