पिल्लाची शू-शी: घरात पेपर की थेट खाली?

भाचीने तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं २ महिन्यांचं पिल्लू आणलंय. पेपर अंथरू की खाली नेऊ, हा तिचा प्रश्न.

खर्चात रद्दीच स्वस्त. कष्ट खाली नेण्यात जास्त: या वयात ते जेमतेम २-३ तास धरतं, म्हणजे मध्यरात्रीही जिने. पण खरी भीती पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला खाली ठेवूच नये.

पेपरची सवय मात्र चिकटते. आमची कुत्री राणी पुढे शू करायला पायपुसण्यावरही बसायची. पिल्लू गोल फिरत जमीन हुंगू लागलं की उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, झाल्या झाल्या खाऊ द्यायचा.

स्वतःचं बंदिस्त अंगण असेल तर पहिल्या दिवसापासून बाहेरच. फ्लॅटमध्ये लसींपर्यंत बाल्कनीत पेपर, मग त्याचाच ओला तुकडा खालच्या जागेवर ठेवायचा.