आतून काळा रंग मारलेलं फायबरचं बॉनेट घेण्याआधी हे वाचा

फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) भिजवून बनवलेलं बॉनेट मुळातच वाईट असतं, असं माझं म्हणणं नाही. १९५३ साली आलेल्या पहिल्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारची तर अख्खी बॉडी फायबरची होती. नीट बनवलेलं फायबर हलकं असतं, गंजत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. मला विकलं गेलं ते फायबरच्या नावाखाली रेझिन आणि पुट्टीचं जाड पान होतं. हीच चलाखी इतरांवरही सहज चालेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

विक्रेत्याने मेसेजमध्ये स्पष्ट लिहून दिलं होतं: विनाइल एस्टर रेझिन (साध्या पॉलिएस्टरपेक्षा मजबूत प्रकार), बिजागऱ्या आणि लॅचच्या (बॉनेटच्या कुलपाच्या) जागी आत स्टीलच्या पट्ट्या, वजन मूळ बॉनेटच्या निम्मं, थेट बसणार. आलेलं बॉनेट वरून आरशासारखं चकचकीत होतं आणि आतल्या बाजूला काळ्या रंगाचा जाड थर होता. ‘फिनिशिंगसाठी देतो,’ असं उत्तर मिळालं.

त्या काळ्या रंगातच सगळी मेख आहे. रंग न दिलेलं फायबर अर्धपारदर्शक असतं. पलीकडून टॉर्च धरला की आतले हवेचे बुडबुडे, रेझिन न पोहोचलेली कोरडी मॅट, कुठे जाड तर कुठे पातळ पडलेला थर, सगळं दिसतं. दोन्ही बाजूंनी रंग दिला की ही तपासणीच संपते.

बसवताना एका बाजूला गॅप मोठा आला आणि बिजागरीची भोकं जुळेनात. विक्रेता म्हणाला, ‘फायबरला थोडं घासावंच लागतं, कुठल्याही पेंटरला विचारा.’ यात तथ्य आहे, हाताने साच्यात घातलेल्या मालाला थोडंफार घासावं लागतं. पण बिलावर खाली बारीक अक्षरात अट होती: बदल केलेला किंवा रंगवलेला माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे घासल्याशिवाय माल बसत नाही आणि घासला की परतीची वाट बंद. ही अट चुकून आलेली नाही, धंदाच तिच्यावर उभा आहे.

शेवटी घासून बसवलं. पुढे हायवेवर बॉनेटची पुढची कड थरथरायला लागली. गाडी कडेला घेऊन पाहिलं तर लॅचच्या स्ट्रायकरभोवतीचा (लॅचमध्ये अडकणाऱ्या कडीभोवतीचा) थर फाटला होता आणि सगळं बॉनेट फक्त सेफ्टी हुकवर, म्हणजे मुख्य लॅच सुटल्यावर धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या कॅचवर, अडकलेलं होतं. समोरून उघडणारं बॉनेट चालकाची नजर अडवू शकत असेल तर त्याला दुसरा कॅच हवाच, असं अमेरिकेचं ११३ क्रमांकाचं वाहन सुरक्षा मानक सांगतं. त्यामागचं कारण मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. तो हुक सुटला असता तर बॉनेट थेट समोरच्या काचेवर आलं असतं.

डेंटरने ग्राइंडरने कापून दाखवलं. स्टीलची पट्टी कुठेच नव्हती. बोल्ट नुसत्या मॅटमध्ये आणि पुट्टीच्या गोळ्यात कसलेले होते. कापलेल्या जागेतून स्टायरिनचा (रेझिनमधल्या द्रावकाचा) उग्र वास आला, म्हणजे रेझिन बहुधा पूर्ण पक्कं झालेलंच नव्हतं. असं अर्धवट पिकलेलं साधं पॉलिएस्टर इंजिनच्या आणि उन्हाच्या तापाने आणखी नरम पडतं, बोल्टखाली दबत जातं आणि कसलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. वजनाचा दावाही खोटाच निघाला, कारण मजबुतीच्या जागी नुसतं रेझिन आणि पुट्टी ओतलेली होती.

फोटो पाठवल्यावर विक्रेता आधी म्हणाला, लॅच चुकीचा बसवला असेल. मग म्हणाला, हा माल शोच्या गाड्यांसाठी आहे. त्यानंतर फोन उचलणं बंद.

टकरीचा विचार तर याहून गंभीर आहे. कंपनीच्या स्टीलच्या बॉनेटला आतल्या सांगाड्यात मुद्दाम कमकुवत जागा ठेवलेल्या असतात. समोरून धडक बसली की ते तिथे दुमडतं आणि काचेकडे सरकत नाही. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर धक्का शोषला जावा, याचाही त्यात विचार असतो. हे सगळं चाचणीतून ठरवलेलं असतं. साच्याची नक्कल करणाऱ्याला फक्त बाहेरचा आकार मिळतो.

म्हणून आतून रंग किंवा प्रायमर न दिलेलं बॉनेटच मागा. ‘आम्ही तसं देत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. बिजागरी आणि लॅचच्या जागी चुंबक लावून पाहा. पट्टी स्टीलची असेल तर तो ओढला जाईल. नाण्याने टकटक करत सगळीकडे फिरा, मध्येच आवाज बद्द आला तर तिथे थर सुटलेत. आतल्या कोपऱ्यात अ‍ॅसिटोनचा बोळा घासा, रेझिन चिकट झालं तर ते कच्चं आहे. आणि न घासता, न रंगवता गाडीवर ठेवून बघण्याची आणि न जुळल्यास परत देण्याची मुभा बिलावर लिहून घ्या.

ज्यांच्या गाडीवर असं बॉनेट आधीच आहे, त्यांनी आजच ते उघडून बोल्टभोवती चांदणीसारख्या बारीक भेगा आहेत का बघावं. असतील तर मूळ बॉनेट परत बसेपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका. नसतील तरी पुढच्या कडेला दोन्ही बाजूंना बॉनेट पिन (बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या खिळी) बसवून घ्या, आणि त्या पिनांखालीही धातूची पट्टी आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.