तिसऱ्या महिन्यात काय करावं: नुसतं बीपी, डबल मार्कर, डॉपलर की पीएलजीएफ?

एनटी सोनोग्राफीची (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी) वेळ आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'एनटी + डबल मार्कर' लिहिलेलं असतं. डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी. मुंबईत खाजगी ठिकाणी हल्ली त्यापुढे 'युटेराइन डॉपलर' (गर्भाशयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह सोनोग्राफीत बघणं) आणि 'पीएलजीएफ' (वारेतल्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) ही दोन नावंही दिसतात, आणि लॅबच्या काउंटरवर "मॅडम, पॅकेजच घेऊन टाका" असा सल्ला मिळतो. विचार करायला फार दिवस नसतात. ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवस, एवढाच या तपासण्यांचा काळ.

इथे दोन वेगळे प्रश्न एका बिलात येतात. बाळाच्या गुणसूत्रांत दोष, मुख्यतः डाउन सिंड्रोम, असण्याची शक्यता किती, हा एक. डबल मार्कर मुळात त्यासाठी आहे. दुसरा प्रश्न आईचा आणि वारेचा: पुढे बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया (वाढलेल्या बीपीबरोबर किडनी, यकृत अशा अवयवांवर ताण येणारा गरोदरपणातला आजार) होईल का, बाळाची वाढ मागे पडेल का? खाली लिहिलंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रीएक्लॅम्प्सिया दिसतो विसाव्या आठवड्यानंतर, पण त्याची सुरुवात बहुतेकदा वार रुजतानाच झालेली असते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, नागमोडी धमन्यांत शिरून त्या रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं तर रक्ताला वाट अरुंद मिळते. मग डॉपलरमध्ये अडथळा जास्त दिसतो, वारेतून येणारी पीएलजीएफ आणि पॅप-ए (हे डबल मार्करमध्ये मोजतात) ही प्रथिनं रक्तात कमी भरतात, आणि आईचं बीपी, नॉर्मलच्या मर्यादेत असलं तरी, थोडं वरच्या बाजूला असतं. म्हणजे चारही तपासण्या एकाच बिघाडाचा माग काढतात, फक्त वेगवेगळ्या अंगांनी.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे नीट विचारलेली माहिती आणि नीट मोजलेलं बीपी. आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया, आधीपासूनचं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार), जुळी बाळं यांतलं एकही असेल तर जोखीम मोठी. पहिलटकरीण, वय ३५ च्या पुढे, वजन जास्त, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला, आयव्हीएफ ही मध्यम कारणं. अशी दोन-तीन जमली तरी डॉक्टर सावध होतात. 'फॉग्सी' या भारतातल्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा गेस्टोसिस स्कोअर याच धर्तीवर गुण देतो: ३ किंवा जास्त आले की जोखीम धरायची. बीपी मात्र घाईत एका हाताला पट्टा बांधून घेतलेलं चालत नाही. पाच मिनिटं शांत बसून, दोन्ही हातांना, दोनदा घ्यायचं आणि त्यातून सरासरी दाब काढायचा: खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. १२० / ७५ असेल तर तो ९०. दादरचे जिने चढून धापा टाकत आलेल्या बाईचं लगेच घेतलेलं बीपी या हिशेबात घालू नये, एवढं तरी तुम्ही स्वतः सांगू शकता.

नुसत्या यादीवर विसंबलं तर किती हातून निसटतं, याचा आकडा ब्रिटनमधल्या 'स्प्री' या अभ्यासात (२०१८) मिळतो. मुदतीआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया तिथल्या सरकारी यादीने सुमारे ४१ टक्के बायकांत आधी ओळखला. त्याच अभ्यासात माहिती, बीपी, डॉपलर आणि पीएलजीएफ एकत्र केल्यावर हा आकडा ८२ वर गेला. डॉपलर वगळून बीपी आणि पीएलजीएफ धरले तर ६९, आणि पीएलजीएफऐवजी पॅप-ए वापरलं तर ५३ च्या आसपास. माझ्या मते या चार आकड्यांवरून निवड जवळजवळ ठरते.

पॅप-ए डबल मार्करमध्ये येतंच, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. गुणसूत्रांची जोखीम कमी आली की बहुतेक जण रिपोर्ट फाईलला लावून टाकतात, आणि पॅप-ए पुढचा आकडा कोणी वाचत नाही. तो एमओएम या एककात असतो, म्हणजे त्या दिवसांच्या नेहमीच्या आकड्याच्या किती पट; १ च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण. ०.४ च्या खाली असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पुढे वाढीची सोनोग्राफी जास्त वेळा करायचं ते एक कारण ठरतं. पण एकट्या कमी पॅप-एवरून घाबरायचं नाही, असा आकडा आलेल्या बहुतेकींचं सगळं सुरळीत होतं.

डॉपलरमध्ये गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांतला 'पीआय' (रक्ताला होणारा अडथळा सांगणारा आकडा) मोजून सरासरी काढतात. एनटीच्याच सोनोग्राफीत काही मिनिटांत होतं, सुई नाही, वेगळी फेरी नाही. अडचण मोजणाऱ्या हाताची आहे. प्रोब थोडा सरकला, कोन चुकला की आकडा बदलतो. म्हणून केंद्र निवडताना मशीन किती नवं यापेक्षा, डॉक्टरांनी पहिल्या तिमाहीतल्या डॉपलरचं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारा. लंडनच्या फेटल मेडिसिन फाउंडेशनचं प्रमाणपत्र असलेले डॉक्टर मुंबईत आहेत. रिपोर्टमध्ये 'नॉच' (रक्तप्रवाहाच्या आलेखातली खाच) लिहिलं असेल तर या टप्प्यावर त्याला फार महत्त्व देऊ नका. तो पुष्कळ निरोगी गरोदरपणांतही दिसतो. आणि 'डॉपलर नॉर्मल' एवढंच लिहिलेला रिपोर्ट या कामाला उपयोगाचा नाही, पीआयचे आकडे हवेत. (केंद्रात एफ फॉर्म भरून सही घेतात ती १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे. त्याचा जोखमीशी संबंध नाही.)

पीएलजीएफ ही साधी रक्ताची तपासणी, पण ती सगळ्याच लॅब करत नाहीत. कलेक्शन सेंटरवर रक्त घेऊन मुख्य लॅबला पाठवतात. इथे मला खरा धोका दिसतो तो फॉर्म भरण्यात. आकडा एमओएममध्ये बदलताना वजन, गरोदरपणाचे नेमके दिवस, आयव्हीएफ आहे का, दक्षिण आशियाई वंश, हे सगळं धरतात. रक्त आज दिलं आणि सोनोग्राफी चार दिवसांनी, वेगळ्या ठिकाणी झाली, तर दिवसांचा हिशेब सोनोग्राफीवरूनच लावून घ्या. वजन त्याच दिवशीचं, काट्यावर उभं राहून. लॅबवाल्याने अंदाजाने लिहिलेलं नको.

एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून बाळाची गुणसूत्रं बघणारी तपासणी) करून घेतली असेल तर? ती महाग तपासणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर जास्त अचूक देते, दुसऱ्याचं देतच नाही. एनआयपीटीमुळे डबल मार्कर टाळलात तर पॅप-ए हातचं जातं, मग त्या पैशातून पीएलजीएफ केलेलं बरं.

हे सगळं कशासाठी, तर अ‍ॅस्पिरिनसाठी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्प्रे' चाचणीत जोखीम १०० त १ पेक्षा जास्त आलेल्या बायकांना ११-१४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज झोपताना १५० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी नुसती गोळी दिली होती. मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के, न घेणाऱ्यांत ४.३ टक्के. दुसरा आकडा पुन्हा वाचा: जोखीम जास्त ठरून, अ‍ॅस्पिरिन न घेताही शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक जणींना तो झाला नाही. 'हाय रिस्क' या लाल अक्षरांचा अर्थ इतकाच. गोळी काही रुपयांची आहे, पण सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी आणि डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव होण्याची प्रवृत्ती असेल तर चालत नाही.

आता निवड. मोठ्या जोखमीचं एक जरी कारण तुमच्याकडे असेल तर अ‍ॅस्पिरिन तसंही सुचवलं जाईल. पीएलजीएफवर खर्च करायची निकड नाही, डॉपलर जमलं तर वाढीवर लक्ष ठेवायला उपयोगी. याउलट पहिलटकरीण, वय तिशीच्या आसपास, वजन थोडं जास्त, बीपी १२६ / ८०, म्हणजे धड इकडे ना तिकडे, अशा बाईसाठी डॉपलर आणि पीएलजीएफ दोन्ही पैसे वसूल करतात, कारण गोळी द्यायची की नाही हे त्यावर ठरतं. पैसा मोजकाच असेल तर एनटीबरोबर चांगल्या हातचं डॉपलर आधी. असा हात जवळपास नसेल तर पीएलजीएफ. महापालिकेच्या प्रसूतिगृहात, केईएम-सायनला किंवा परळच्या वाडियात नाव घातलं असेल आणि यातलं काही मिळालं नाही, तरी माहिती आणि बीपीवर निर्णय घेता येतो. स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांची जागतिक संघटना 'फिगो'नेही २०१९ साली, जिथे साधनं कमी आहेत तिथे किमान एवढं कराच, असंच सांगितलंय. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी मोफत तपासणी असते, तिथे बीपी वाढत चाललंय का हे दिसत राहतं.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी तक्त्यात नसते: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण करून मुलगी साताऱ्याला किंवा सावंतवाडीला जाते, आणि मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया नेमका त्याच आठवड्यांत डोकं वर काढतो. जोखीम जास्त आली असेल तर माहेरापासून रात्री-अपरात्री गाठता येईल असं, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कुठे आहे, हे सासू आणि आई दोघींनी बसून आधी बघावं. तिसऱ्या महिन्याचा मूळ रिपोर्ट फाईलमध्ये, अ‍ॅस्पिरिन कधी थांबवायचं ते लिहून घेतलेलं, आणि घरी बीपीचं मशीन. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज: यांतलं काही झालं तर रिपोर्ट 'लो रिस्क' असला तरी त्याच दिवशी दवाखाना.

'एसएफएलटी-पीएलजीएफ रेशो' नावाची आणखी एक तपासणी कानावर येईल. ती विसाव्या आठवड्यानंतरची, प्रीएक्लॅम्प्सियाचा संशय आल्यावरची. ३८ किंवा त्याखाली आली तर पुढच्या आठवड्याभरात तो होण्याची शक्यता अगदी कमी. पॅकेजमध्ये ती बाराव्या आठवड्यात घातलेली दिसली तर काढायला सांगा.