इंद्रजाल, अमर चित्रकथा आणि सांगलीचा पावसाळा : पिशव्या, बोर्ड, सिलिका जेल वापरल्यानंतरचा अनुभव

गावभागातल्या आमच्या घराच्या माळ्यावर आण्णांची कॉमिक्स कित्येक वर्षं खोक्यांत पडून होती. मराठी इंद्रजाल, अमर चित्रकथा, चांदोबाचे अंक, सगळं एकत्र. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीत पाणी आलं, २०२१ ला परत आलं. माळ्यापर्यंत ते पोचलं नाही म्हणून अंक वाचले. पण पाणी ओसरलं तरी भिंतींची ओल किती दिवस हटत नाही, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. यंदा होळीनंतर सगळं खाली उतरवलं, साफ केलं, लावलं, आणि पिशव्या, अंकामागे घालायचे बोर्ड म्हणजे पुठ्ठे, डबे, ओल शोषणारं सिलिका जेल असं साहित्य आणून बंद केलं. आता पावसाळा उलटलाय, डबे उघडून नीट पाहिलेत, म्हणून लिहितोय. माझं मत ठाम आहे : खर्च करायचाच तर आधी हवा कोरडी ठेवण्यावर करा, पिशव्यांचा नंबर त्यानंतर.

आधी खोक्यांबद्दल, कारण आपल्या भागात हा प्रश्न खास आहे. माळा भरायचा म्हटलं की हाताशी येतात ती द्राक्षाची नाहीतर बेदाण्याची खोकी. द्राक्षाच्या खोक्यात ग्रेप गार्डचा कागद असतो. त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सोडतं, त्यामुळे द्राक्षावर बुरशी धरत नाही. कागदाला मात्र हा वायू वाईट. दमट हवेत त्याचं आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. आमच्या काही खोक्यांच्या तळाला हे कागद तसेच होते. बेदाण्याच्या खोक्यांना साखरेचा चिकटा आणि त्यामागे मुंग्या. तुमच्या माळ्यावर अशी खोकी असतील तर बाकी काही नंतर करा, अंक आधी त्यातून काढा.

मी झाकणाला रबर असलेले पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे डबे घेतले. ते चांगले निघाले, पण एक अट आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरची ओल जशी आत जात नाही, तशी आतली बाहेरही येत नाही. म्हणून डबे एप्रिलमधल्या कोरड्या दुपारीच भरले. आपल्याकडचा उन्हाळा या कामाला उत्तम आहे. अंक मात्र उन्हात घालायचे नाहीत, सावलीत, पंख्याखाली, उभे करून पानं थोडी उघडी ठेवायची. कॉमिक्सचा कागद हलक्या प्रतीच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक भरपूर. ऊन लागलं की तो झरझर पिवळा पडतो.

साफसफाई अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने. कसर लागलेले अंक ओळखू येतात. मुखपृष्ठाचा वरचा गुळगुळीत थर खरवडल्यासारखा असतो आणि खळीच्या जागी वेड्यावाकड्या कडा. असे अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पंधरवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. हा उपाय फुकटात होतो आणि मला तो सगळ्यात जास्त आवडला. पावसाळ्यानंतर त्या अंकांत जिवंत कसर एकही दिसली नाही.

लावण्याच्या कामात खरा आनंद आहे आणि खरी डोकेदुखीही. अमर चित्रकथेचा ‘कृष्ण’ ११ क्रमांकाचा. आधीच्या दहा क्रमांकांवर परदेशी परीकथा होत्या, त्यामुळे १ ते १० शोधत बसू नका. पुढच्या काळातल्या पुनर्मुद्रणांना ५०० च्या पुढचे क्रमांक मिळाले, म्हणजे एकच कथा दोन वेगळ्या क्रमांकांनी हाती येते. मी दोन्ही क्रमांक वहीत शेजारी शेजारी लिहिले. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सुरुवातीला सलग क्रमांक, नंतर खंड आणि अंक अशी पद्धत, त्यामुळे दोन वेगळे ढीग करावे लागतात. मुखपृष्ठ गेलेल्या अंकांसाठी नायकाचा आधार घेतला. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये आला, म्हणजे तो असलेला अंक त्याआधीचा असू शकत नाही. सुट्या पानांत ‘डेंकाली’ दिसलं की ते पान आधी वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, इंद्रजाल अंकांशी जुळवून पाहायचं. बंगालशी गल्लत नको म्हणून इंद्रजालने वेताळाच्या देशाचं नाव बदलून ‘डेंकाली’ केलं होतं.

आता पिशव्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा कॉमिक्सच्या पिशव्या अमेरिकन मापाच्या, साडेदहा इंच उंच आणि जेमतेम सात इंच रुंद. आपले अंक उंचीला कमी आणि रुंदीला जास्त, ते त्यात कोंबले की कोपरे दुमडतात. स्वतःचा अंक पट्टीने मोजा आणि रुंदीला बोटभर सैल पिशवी मागवा. एका ऑनलाइन विक्रेत्याने पॉलिप्रॉपिलीन म्हणून पाठवलेल्या पिशव्यांना नव्या रेक्झिनसारखा वास होता. तांब्याची तार तापवून पिशवीला टेकवली आणि परत ज्योतीत धरली तर ज्योत हिरवी झाली. म्हणजे आत क्लोरीन, अर्थात पीव्हीसी. ते शाईला चिकटतं आणि कागद खराब करतं. माल परत केला. ही चाचणी करायची तर उघड्यावर, धुरापासून लांब राहून करा. नंतर दुसरीकडून आणलेल्या पिशव्या पावसाळाभर स्वच्छ राहिल्या, कुठे चिकटल्या नाहीत. त्यांचं तोंड मी चिकटपट्टीने बंद केलं नाही, नुसतं मागे दुमडलं. अंक बाहेर काढताना पट्टी हमखास मुखपृष्ठाला लागते.

मागे घालायचा पुठ्ठा आम्लरहितच हवा. लग्नपत्रिकेचा किंवा शर्टाच्या घडीतला पुठ्ठा चालत नाही, त्याचं आम्ल कागदात उतरतं. बोर्ड महाग पडतात, म्हणून मी ते फक्त इंद्रजालला आणि जुन्या क्रमांकाच्या अमर चित्रकथांना वापरले. ते अंक उभे ठेवूनही वाकलेले नाहीत.

सिलिका जेल आणि आर्द्रता मापक ही या सगळ्या खरेदीतली सर्वात मोलाची चीज. मापक स्वस्तातला डिजिटल घेतला तरी चालतो, फक्त मिठाची चाचणी घ्या. बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, ओलसर गोळा होईल इतकंच. ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आकडा ७५ टक्के यायला हवा. माझा मापक ७९ दाखवत होता, म्हणून प्रत्येक वेळी चार वजा करतो. जुलैत खोलीत ८० च्या वर आर्द्रता असताना डब्यात ती ४५ ते ५० च्या दरम्यान राहिली. ६५ च्या वर बुरशीची भीती सुरू होते, आणि ३० च्या खाली गेलं तर असला कागद कडकडीत होतो. त्यामुळे जेल भरमसाट ओतण्यातही फायदा नाही.

नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. ओल शोषली की ते गर्द हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. सुती कापडाची पुरचुंडी करून डब्याच्या कोपऱ्यात ठेवली. हिरवं झालं की फक्त या कामासाठी ठेवलेल्या जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, साधारण १२० अंशांवर, दाणे परत नारिंगी होईपर्यंत तापवायचं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालायचं.

डांबरगोळ्या मी काढून टाकल्या. त्यांची वाफ माणसालाही बरी नाही आणि काही प्लॅस्टिकवर परिणाम करते. आईने वेखंडाची पूड घालायला सांगितलं होतं. वेखंड कपाटाच्या तळाला ठेवलं, डब्यात नाही. गंजलेल्या पिना मात्र काढायलाच हव्यात. बोथट सुरीने पाय सरळ करून मागून ओढायच्या. त्या जागी सुती दोऱ्याचे दोन टाके घातले. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही. गव्हाच्या खळीने चिकटवलेला पातळ जपानी कागद लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. माझे असे बरेच अंक अजून बाकी आहेत.

चांदोबाचे अंक बाइंडिंगला द्यावेत असं घरात ठरत होतं. मी नको म्हटलं. बाइंडिंगवाला तिन्ही कडा छाटतो, आणि कडेला चित्र असेल तर तेही जातं. ते अंक आता आडवे, थोडे थोडे, वेगळ्या डब्यात आहेत. डबे बाहेरच्या भिंतीला न टेकवता मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या दोन कप्प्यांत ठेवले. पुराचा विचार करता खालचे कप्पे रिकामेच बरे.

भाचीला वाचायला देताना हातमोजे घालायला लावत नाही. मोज्यांत पानाची कड जाणवत नाही आणि ठिसूळ कागद फाटतो. हात धुऊन कोरडे करायचे, अंक टेबलावर सपाट ठेवायचा, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. तिने या पद्धतीने वेताळाचे बरेच अंक वाचून काढलेत, आणि एकही पान सुटं झालेलं नाही.