बहुभाषिक मजकुरासाठी कोणते ऑफिस निवडावे: मायक्रोसॉफ्ट, लिब्रेऑफिस की गूगल डॉक्स?

एकाच दस्तऐवजात मराठी, उर्दू, तमिळ आणि चिनी मजकूर ठेवायचा असेल आणि ती फाइल विंडोज, मॅक व लिनक्स अशा तिन्ही प्रणालींवर उघडली जाणार असेल, तर सॉफ्टवेअर निवडताना फाइल कोणत्या संगणकावर टाइप होणार यापेक्षा ती कोणकोणत्या संगणकांवर वाचली जाणार, याचा विचार आधी करावा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिघांनाही युनिकोड (जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) कळते. फरक पडतो तो साठवलेल्या संकेतांकांपासून पडद्यावर अक्षरे कोण घडवते आणि त्यासाठी कोणता फॉन्ट हाताशी असतो, यामुळे.

बिघाड नेमका कुठे आहे, हे बहुधा नुसते पाहून ओळखता येते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत. जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडली किंवा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे गेली, तर अक्षरे जुळवणारे शेपिंग इंजिन कमी पडले आहे. देवनागरीऐवजी चिन्हे लावलेली रोमन अक्षरे उमटली, तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीने) वाचली गेली आहे.

एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 65,535 आकृत्या (अक्षरांची दृश्य रूपे) मावतात, तर युनिकोडच्या 16.0 आवृत्तीत 1,54,998 वर्ण आहेत. त्यामुळे सर्व लिप्या एकाच फॉन्टमध्ये बसवणे शक्यच नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये अक्षर नसले की दुसऱ्या फॉन्टमधून ते उसने घेतले जाते. देवनागरीसाठी विंडोजवर सहसा निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी आणि लिनक्सवर बहुधा नोटो किंवा लोहित हे फॉन्ट पुढे येतात. त्यांची उंची आणि रुंदी सारखी नसल्यामुळे एकाच फाइलची पाने वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात.

ही अडचण लक्षात घेता लिब्रेऑफिसची बाजू मला अधिक भक्कम वाटते. 2017 मधल्या 5.3 आवृत्तीपासून ते तिन्ही प्रणालींवर हार्फबझ हे एकच शेपिंग इंजिन वापरते, म्हणून फॉन्ट तोच असेल तर जोडाक्षरेही तशीच जुळतात. शिवाय मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. मराठी वाचकाच्या डोळ्याला हा फरक लगेच जाणवतो. मात्र लिब्रेऑफिस पाश्चात्त्य, आशियाई आणि संयुक्त मांडणीच्या लिप्यांसाठी फॉन्ट व आकार वेगवेगळे ठेवते, आणि देवनागरी यांतल्या तिसऱ्या गटात मोडते. शैली ठरवताना पहिल्याच गटाचा आकार बदलला, तर मराठी मजकूर होता तसाच राहतो. वर्डमध्येही अशीच विभागणी आहे.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस विंडोजवर उत्तम चालते, आणि देवाणघेवाण मुख्यतः वर्डच्याच फाइलींची असेल तर ते सोडण्याचे कारण नाही. मॅकवर 2011 च्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची मांडणी मोडत असे आणि 2016 च्या आवृत्तीत ती सुधारली, म्हणून सहकाऱ्यांपैकी कोणाकडे जुनी आवृत्ती आहे का, हे विचारून घ्यावे. लिनक्सवर स्थापित करण्याजोगी आवृत्ती नाही. तिथे ब्राउझरमधल्या आवृत्तीवर भागवावे लागते.

एक्सेलच्या बाबतीत विशेष सावध राहावे. बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग दाखवणारी खूण) नसलेली यूटीएफ-8 (युनिकोडचे एक एन्कोडिंग) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल दोनदा क्लिक करून उघडली, की अनेकदा सगळी मराठी नावे विस्कटतात, आणि त्याच अवस्थेत फाइल जतन केली तर मूळ मजकूर परत मिळवणे अवघड होते. ‘डेटा’ टॅबमधून ती आयात करून मूळ एन्कोडिंग 65001 (म्हणजे यूटीएफ-8) निवडावे. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा पर्याय घ्यावा. लिब्रेऑफिसचे कॅल्क सीएसव्ही उघडतानाच वर्णसंच विचारते, आणि याद्यांचे काम रोज असेल तर एवढ्या एका सोयीसाठीही त्याचा विचार व्हावा.

गूगल डॉक्स फॉन्ट इंटरनेटवरून पुरवते, त्यामुळे प्रणाली कोणतीही असली तरी मजकूर जवळपास सारखाच दिसतो. एकाच वेळी अनेकांनी संपादन करायचे असेल, तर माझी पहिली पसंती त्यालाच राहील. आपल्या संगणकावरचा खास फॉन्ट मात्र तिथे वापरता येत नाही.

वर्ड किंवा लिब्रेऑफिस घेतल्यास फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा. वर्डमध्ये ही सोय पर्यायांच्या ‘सेव्ह’ विभागात आहे, लिब्रेऑफिसमध्ये फाइलच्या गुणधर्मांतील ‘फॉन्ट’ टॅबमध्ये. फॉन्टच्या परवान्याने तशी मुभा दिलेली असावी लागते. नोटो कुटुंब खुल्या परवान्याखाली असल्याने तिथे अडचण येत नाही.

निर्णयापूर्वी एक चाचणी फाइल तिन्ही प्रणालींवर उघडून पाहावी. तिच्यात ‘दर्‍या’ आणि ‘दर्या’ हे दोन्ही शब्द, ‘ॲ’ हा 2008 मध्ये युनिकोडमध्ये आलेला स्वर आणि उजवीकडून डावीकडे जाणारे एक उर्दू वाक्य असावे, ज्यात मधेच एखादी संख्या येते. अंतिम प्रत पीडीएफमध्ये पाठवली तरी संपादनयोग्य मूळ फाइल जपून ठेवावी, कारण पीडीएफमधून नक्कल केलेल्या देवनागरी मजकुरात वेलांट्या आणि रफार पुष्कळदा जागा बदलतात.