जुन्या व्हिटावर कोणता शूटर घ्यावा: डिक्लासिफाइड की मर्सिनरी?

प्लेस्टेशन व्हिटा, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, आता नवा मिळत नाही. सोनीने तो २०१९ मध्ये बंद केला. गोव्यात हाती लागतो तो ओळखीपाळखीतून. कुणाचा भाऊ बोटीवर असतो, कुणाच्या मामाने दुबईहून आणलेला असतो. मग मुलगा शिकायला पुण्याला जातो आणि मशीन कपाटात पडून राहतं. विकणारा सोबत दोन-तीन गेमची कार्डं देतो, आणि त्यांत कॉल ऑफ ड्यूटी असलं तर किंमत जरा चढवूनच सांगतो. नाव मोठं आहे ना.

त्या नावापायी जास्तीचे पैसे मोजू नका, हे आधीच सांगून टाकतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स डिक्लासिफाइड’ आणि ‘किलझोन: मर्सिनरी’ यांतला एकच घ्यायचा असेल तर मर्सिनरी घ्या. डिक्लासिफाइड घेण्याजोगी एक परिस्थिती आहे, ती पुढे येईल. दोन्ही गेम एकाच मशीनवरचे, दहा महिन्यांच्या अंतराने आलेले, दोन्हींत बंदूक तुमच्या हातात आणि समोरचं जग तुमच्याच डोळ्यांनी दिसणारं. त्यामुळे एक फसला तर दोष मशीनच्या आकारावर ढकलता येत नाही.

पूर्वी ढकलता यायचा. व्हिटाच्या आधीचं सोनीचं मशीन पीएसपी, त्याला एकच स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) होती. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि नेम धरायला उजवीकडे नुसती चार बटणं, म्हणजे मान वळवायची तर बटण दाबून धरायचं आणि थांबायचं कुठे ते नशिबावर सोडायचं. शहाण्या लोकांनी त्यावर वाटा काढल्या. पीएसपीवरचा ‘किलझोन: लिबरेशन’ २००६ मध्ये आला तो मुळी वरून दिसणारा गेम म्हणूनच, बनवणाऱ्यांनी हट्ट केला नाही. त्याच वर्षी निन्टेंडो डीएसवर ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’मध्ये खालच्या पडद्यावर लेखणी फिरवून नेम धरता येत होता. मनगट दुखायचं, पण नेम लागायचा.

व्हिटा आला तो दोन स्टिक घेऊन. पाच इंचांचा पडदा, ९६० बाय ५४४ पिक्सेल, पुढे स्पर्श, मागेही स्पर्शाचं पॅड. डिसेंबर २०११ मध्ये जपानात आणि पुढच्या फेब्रुवारीत बाकीच्या जगात तो आला, तेव्हा शूटरवाल्यांची जुनी सबब संपली होती. लोकांची अपेक्षा तिथूनच वाढली, आणि डिक्लासिफाइडवरचा रागही त्या अपेक्षेच्या मापाचा होता.

१३ नोव्हेंबर २०१२ रोजी हा गेम बाजारात आला. टीव्हीला जोडायच्या मोठ्या कन्सोलवरचा ‘ब्लॅक ऑप्स २’ त्याच दिवशी आला होता. अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर, म्हणजे पुऱ्या गेमची. बनवला एनस्टिगेट या स्टुडिओने, ज्याचं आधीचं नाव निहिलिस्टिक. हे लोक नवशिके नव्हते, २००० सालचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – रिडेम्पशन’ त्यांचाच. पण त्याच २०१२ च्या मे महिन्यात त्यांनी व्हिटासाठी ‘रेझिस्टन्स: बर्निंग स्काइज’ हा दुसरा शूटर दिला होता. एका स्टुडिओकडून एका वर्षात दोन शूटर! आत काय घडलं असेल ते असेल, खेळताना घाई मात्र लपत नाही.

कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकट्याने खेळायच्या गोष्टीत, दहा मिशन. ऐकायला बरं वाटतं. पण एकेक मिशन काही मिनिटांचं, आणि सगळी मिळून तास भरत नाही. थिवीला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसून सुरुवात केली तर कणकवली यायच्या आत गोष्ट संपलेली असते, आणि गोष्ट तरी कसली! मेसन आणि वुड्स ही ब्लॅक ऑप्समधली ओळखीची नावं आहेत, प्रत्येक मिशनआधी दोन वाक्यांची माहिती मिळते, मग एक इमारत, चार खोल्या, गोळ्या, संपलं. एकाचा दुसऱ्याशी धागा जुळत नाही. नावात ब्लॅक ऑप्स पाहून झॉम्बी असतील असं कुणाला वाटलं असेल तर तेही नाहीत. ‘होस्टाइल्स’ नावाचा लाटांमागून लाटा येणारा प्रकार आहे, त्यात येतात ती साधी माणसंच.

आता कुणी म्हणेल, हातातला गेम आहे, छोटा असला तर बिघडलं कुठे? रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून जाताना तीन-चार मिनिटांचं मिशन संपत असेल तर ते सोयीचंच. मुद्दा बरोबर आहे, आणि मिशनं नीट बेतली असती तर मीही हेच म्हटलं असतं. गोची वेगळीच आहे. मिशनच्या मध्ये चेकपॉइंटच नाहीत, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येईल अशा जागा. शेवटच्या खोलीत दाराआडून एकाने गोळी घातली की पुन्हा पहिल्या पायरीपासून. तोच जिना, तेच दार, दाराच्या डाव्या हाताला तोच माणूस त्याच जागी उभा. दुसऱ्या फेरीत तो कुठून डोकं काढणार ते पाठ झालेलं असतं, तिसऱ्या फेरीत तुम्ही खेळत नसता, पाढे म्हणत असता. तासाभराचं कॅम्पेन याच युक्तीने लांबवलेलं आहे. व्हिटा स्लीपवर टाकून फेरीतून उतरता येतं हे खरं, पण मेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

मेल्याचा राग येतो तो मरण फुकटचं असतं म्हणून. शत्रू कधी भिंतीकडे तोंड करून उभा, कधी आडोशाला जायचं सोडून आडोशापुढे येऊन बसलेला, आणि मध्येच एखादा असा नेमबाज की तुम्ही दिसायच्या आत गोळी लागलेली. अवघड गेमबद्दल कुणाची तक्रार नसते. हरल्यावर आपलं काय चुकलं ते कळलं तर माणूस पुन्हा बसतो. इथे ते कळत नाही.

दोन गेममधला खरा फरक मात्र मला अंगठ्यात दिसतो. व्हिटाचा स्पर्शाचा पडदा वापरलाच पाहिजे असा त्या काळी जणू दंडक होता. डिक्लासिफाइडमध्ये ग्रेनेड टाकायला पडद्यावर बोट टेकवायचं आणि ओढत नेऊन सोडायचं. आता हे करायचं कुठल्या बोटाने? उजवा अंगठा स्टिकवर आहे, त्याच्यावर नेम अवलंबून. तो उचलला की नेम जिथल्या तिथे थिजतो, आणि ग्रेनेड तर आपण टाकतो समोर तीन-चार जण गोळ्या घालत असताना. त्यात आपला मे महिना. कदंबच्या बसमध्ये खिडकीशी बसलात तरी अंगठा घामाने ओला. पडद्यावर तो सरकतो तरी किंवा अडकतो तरी, आणि ग्रेनेड आपल्याच पायाशी. सुरीचा वारसुद्धा असाच पडद्यावर टिचकी मारून. शत्रू अंगावर आलेला असताना हात बदलायचा! बर्निंग स्काइजमध्ये धावण्यासाठी मागच्या पॅडवर दोनदा टिचकी मारायची सोय होती. मशीन घट्ट धरलं की नकळत बोटं लागून गडी उगाच पळत सुटायचा.

मर्सिनरीतही पडदा वापरलाय. शत्रूच्या अंगाशी गेलात आणि बटण दाबलंत की चित्र जवळ येतं, दोघांची झटापट दिसते आणि पडद्यावर बाण उमटतो. त्या दिशेने बोट फिरवायचं. त्या क्षणी नेम धरायचाच नसतो, म्हणून अंगठा स्टिकवरून उचलला तरी काही बिघडत नाही. ‘पॉर्क्युपाइन’ म्हणून एक साधन आहे, त्यात पडद्यावर दिसणाऱ्या शत्रूंवर बोट टेकवलं की क्षेपणास्त्रं सुटतात. तिथेही बोटच नेम धरतं. दोन्ही स्टुडिओंना काच तीच मिळाली होती. एकाने कोणता अंगठा केव्हा मोकळा असतो याचा विचार केला, दुसऱ्याने नाही. हात किंचित हलवून बारीक नेम धरायची सोयही मर्सिनरीत आहे आणि घरी खुर्चीत ती फार कामाची. बसमध्ये बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला बंदूक आभाळाकडे जाते.

मर्सिनरी बनवला गरिला केंब्रिज या सोनीच्याच स्टुडिओने. प्लेस्टेशन ३ वरच्या ‘किलझोन ३’चं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, त्यांनी व्हिटासाठी बसवलं, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये गेम आला. नऊ मिशन, म्हणजे आकड्याने डिक्लासिफाइडपेक्षा एक कमीच. पण एकेक मिशन घसघशीत. सगळं मिळून पाच-सहा तास सहज जातात. मघाच्याच गाडीत बसलात तर चिपळूण येतं, अर्थात बॅटरी तोवर टिकणार नाही, पॉवर बँक लागेल. चेकपॉइंट नीट आहेत. तुम्ही डॅनर नावाचे भाडोत्री सैनिक असता, पैसे देईल त्याच्या बाजूने लढता, आणि गेमची सगळी बांधणी त्या पैशाभोवती आहे. प्रत्येक बळीचे पैसे, डोक्यात गोळी घातली तर जास्त, गुपचूप काम केलं तर आणखी. त्या पैशांतून ब्लॅकजॅक नावाच्या दलालाकडून बंदुका आणि चिलखतं घ्यायची. मिशन संपलं की तेच वेगळ्या अटींवर पुन्हा खेळायची कंत्राटं: कधी चोरपावलांनी, कधी अचूक नेमाने, कधी सगळं उडवून देत. खोली तीच, पण काम वेगळं म्हणून वाट वेगळी शोधावी लागते. डिक्लासिफाइडमध्ये पुन्हा खेळणं ही शिक्षा आहे, इथे तो धंदा आहे.

कथा मात्र बेताची. संवाद तर विसरा. शत्रूही काही फार हुशार नाहीत, आडोशामागे बसून राहिलात तर एकेक करून येतात. पण देखणा गेम आहे. पहिल्या मॉडेलच्या ओएलईडी पडद्यावर अंधाऱ्या खोलीत लावलात तर हा छोट्या मशीनवरचा गेम आहे हे क्षणभर विसरायला होतं.

मर्सिनरीची बाजू कमी पडते ती ऑनलाइनला. चार विरुद्ध चार अशी फार मजेदार मल्टिप्लेअर होती, आणि ती गेमची निम्मी किंमत होती. सोनीने तिचे सर्व्हर ऑगस्ट २०२२ मध्ये बंद केले. त्यामुळे जुन्या कौतुकातलं मल्टिप्लेअरचं कौतुक वजा करून वाचा. आज तुम्ही विकत घेता ते फक्त कॅम्पेन आणि कंत्राटं. माझ्या मते तेवढ्यालाही हा गेम पुरून उरतो. बनवणारा स्टुडिओसुद्धा सोनीने २०१७ मध्ये बंद केला, म्हणजे पुढचा भाग येण्याची आशाही नको.

आणि इथेच डिक्लासिफाइडची ती एक परिस्थिती येते. त्यातही चार विरुद्ध चार आहे. नकाशे इवलेसे, ब्लॅक ऑप्सच्या गाजलेल्या न्यूकटाउन नकाशाला आवळून केलेला ‘न्यूकहाउस’ तर इतका लहान की जन्म घेतल्या घेतल्या पाठीवर गोळी. तरी वर्ग (आधीच ठरवलेला शस्त्रांचा संच), पर्क (खास क्षमता), किलस्ट्रीक (न मरता सलग बळी घेतल्याचं बक्षीस) ही सगळी ओळखीची घडी जागेवर आहे, आणि तिची चटक लागते हे कबूल केलंच पाहिजे. शिवाय इंटरनेटशिवाय शेजारीशेजारी बसून अॅड-हॉक खेळता येतं. चतुर्थीला मूळ घरी सगळे जमतात, तिकडे मोबाइलला रेंज म्हणजे अंगणाच्या एका कोपऱ्यात. तेव्हा दोन-तीन भावंडांकडे व्हिटा असतील आणि प्रत्येकाकडे कार्ड असेल, तर गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावरची दुपार छान जाते. पण एका घराण्यात तीन व्हिटा आणि तीन डिक्लासिफाइड म्हणजे योगायोगच म्हणायचा.

फक्त कॉल ऑफ ड्यूटी खेळायचंय, मग ते कुठलंही चालेल, असं असेल तर व्हिटाचा नादच सोडा. मोबाइलवरचा ‘कॉल ऑफ ड्यूटी: मोबाइल’ ऑक्टोबर २०१९ पासून फुकट आहे, त्यात न्यूकटाउनही आहे, आणि तो पहिल्यापासून काचेवरच्या दोन अंगठ्यांसाठीच बेतलेला. स्टिक नसलेल्या फोनवर मालिकेचं नाव राखलं गेलं आणि दोन स्टिक असलेल्या व्हिटावर घालवलं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. मात्र फोनवर नेट लागतं, आणि दुकानात काहीतरी विकत घ्या म्हणून सारखा तगादा असतो. गाडी बोगद्यात शिरली की मॅच गेली. मर्सिनरीला त्याचं सोयरसुतक नाही.

बर्निंग स्काइजबद्दल विचाराल तर तो मधला. १९५१ सालच्या अमेरिकेतला अग्निशमन दलाचा जवान, हातात कुऱ्हाड, कल्पना बरी आहे. स्वस्तात मिळाला तर मर्सिनरीनंतर खेळा, आधी नको.

मशीन घेताना दोन्ही स्टिक गोल फिरवून बघा. हात काढल्यावर बंदूक आपोआप सरकत असेल तर कितीही चांगला शूटर घेतलात तरी वाया. पहिल्या मॉडेलची चार्जिंगची केबल वेगळीच असते, ती सोबत आहे का ते विचारा. नंतरच्या सडपातळ मॉडेलला साधी मायक्रो-यूएसबी चालते, पण त्याचा पडदा एलसीडी. गेमची कार्डं कुठल्याही देशातली चालतात, त्यामुळे गल्फमधून आलेलं कार्ड घ्यायला हरकत नाही. अडतं ते मेमरी कार्डापाशी. व्हिटाला सोनीचंच खास कार्ड लागतं, साधं मायक्रोएसडी थेट बसत नाही, आणि पहिल्या मॉडेलला आत स्वतःची मेमरी नाही. डिक्लासिफाइड व्हिटाबरोबर ४ जीबीच्या कार्डासह एकत्रही विकला गेला होता. तसा संच कुणी पुढे केला तर गेमचे पैसे धरू नका. गेम ठेवून घे आणि त्याऐवजी १६ जीबीचं मेमरी कार्ड दे, असं म्हणून बघा. बहुतेक जण कार्ड द्यायला तयार होत नाहीत, त्यांनाही त्याची किंमत ठाऊक असते.